विरजण

दुखत होती फक्त दाढ.
तिच्यासाठी गोळ्या, मग त्याहून कडक गोळ्या,
आणि दिवाळीपासून मी राहायलाच गेले
संडासाच्या उंबऱ्यावर.
बांगड्या कोपराशी चढू लागल्या.
भांडुपच्या बाजारात वालाच्या शेंगा विकणाऱ्या बाईनं
माझ्याकडेच माझी चौकशी केली:
“त्या जाड्या वहिनी कुठं गेल्या हो?”

परळला, चौथ्या मजल्यावर, डॉक्टर तुंगेकर म्हणाल्या,
“तुमच्या आतड्यात वस्ती होती, ताई.
एका चोरासाठी आपण अख्खी चाळ पाडली.
रिकाम्या जागेत आता गुंड शिरलेत;
औषध दिलं की पळतात, थांबलं की परत ताबा घेतात.”

वस्ती कोणाची?
“जंतूंची. भल्या जंतूंची.
तुम्हाला न पचलेला कोंडा, ती त्यांची भाकरी.
भाड्यापोटी थोडी जीवनसत्त्वं देतात,
आतड्याची भिंत लिंपून ठेवतात,
आणि जिन्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात:
काय हो, कोण पाहिजे?”

मग आता?
“विरजण,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या पोटातलं.”
आणि ते कुठून येतं, कसं घालतात,
हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं
की ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं,
एकेक तारीख.

ह्यांची तपासणी नापास. मुलाची नापास.
पास झाली कालिंदी, माझी थोरली जाऊ,
माझगावची,
जिच्याशी मी अकरा वर्षं बोललेले नाही
एका मोरीवरून.
साडेतीन बाय चारची मोरी, सासूबाईंच्या खोलीतली.
काय काय नाही म्हटलं मी तिला!
पोटात एक, ओठात एक, असंही.
आणि हा कागद सांगतो, शिक्क्यानिशी,
की बाईच्या पोटात वाईट काही नाही.

फोनवर ती ह्यांना एवढंच म्हणाली,
“किती वाजता आणू?”
आणि थोडं थांबून,
“ह्यात तरी अर्धा वाटा मागू नको म्हणावं.”

टॅक्सीनं आली, सकाळी सातला.
मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत आइस्क्रीमचा डबा, डब्यात डबी.
बाकावर बसली,
मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून.
“पहाटे चारपासून बसले होते,” भिंतीला म्हणाली.
“म्हटल्या वेळी होतंय थोडंच.”
मला हसू आलं. हसलं की कळ यायची.
तिनं ते पाहिलं, आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

आनंदावर विरजण पडलं म्हणतात लोक.
ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं
त्याच्या ओट्यावर दूध विसरून
रात्र गेली नसणार कधी.
मी पाहिलंय नासलेलं. मीच होते.

नवव्या दिवशी वरणभात टिकला.
ह्यांनी संडासाच्या दारावर टकटक करून
“काय झालं?” विचारलं,
आणि मी आतून ओरडले,
“काही नाही झालं!”
बाविसाव्या वर्षी पोर झाल्याचं सांगताना
आईचा आवाज असा लागला असेल.

महिन्याभरानं मला कारलं खावंसं वाटलं.
जन्मात कधी शिवले नव्हते.
कालिंदी मात्र मागून घेते, दोनदा, तीनदा.
डॉक्टर हसल्या. “त्याला काही पुरावा नाही हं.”
नसेल. मी पाव किलो आणली.

मोरीचा दावा चालूच आहे.
काल तारीख होती, धोबीतलावला, लघुवाद न्यायालयात.
तिचा वकील उभा राहून माझ्याविषयी बोलत होता,
बरंच काही, इंग्रजीत.
मी पोटावर हात ठेवला.
आत तिची माणसं, जिन्यात बसलेली.
ती कुणाच्या बाजूची, हे विचारावं तरी कुठल्या तोंडानं?
दुपारी व्हरांड्यात भूक लागली, मला, की त्यांना.
डबा उघडला.
पलीकडच्या बाकावर तीही उघडत होती,
आणि झाकण निघण्याआधीच
वासावरून मला कळलं भाजी कोणती.