हजार फैरींनंतर

जुनं पिस्तूल हातात घेतलं की आधी थंडी कळते,
नाशिकची, जानेवारीची, लोखंडात मुरलेली.
नवं प्लास्टिकचं, हलकं.
हात विसरतो आपण काय धरलंय.

त्र्यंबक रोडच्या शस्त्रागारात
बेंडकुळे आर्मररनं रजिस्टर पुढं सरकवलं.
हजार फैरी. नवं दोनदा अडकलं,
जुनं एकोणीसदा.
"लिहा मॅडम, नवं भरवशाचं."
मी लिहिलं.

मग जुन्याची स्प्रिंग काढून त्यानं कानाशी धरली.
"हे अडकायच्या आधी चार दिवस कुरकुरतं.
मॅगझीनचे ओठ वाकलेत, बोटाला लागतं.
नवं बोलत नाही.
चालतं, चालतं,
आणि एखाद्या दिवशी नाही."

"म्हणजे जुनंच बरं?"
"तसं कुठं म्हणालो?
माझा पोरगा ड्यूटीवर जातो,
त्याच्या कमरेला मी नवंच दिलं."

अंजनेरीकडून वारा आला,
टारगेटचा कागद खिळ्याला धरून फडफडत राहिला.

"एकतीस वर्षं हे माझ्याकडं.
माणसावर एकदाही नाही सुटलं.
याचा रकाना कुठाय?"

रजिस्टरात खरंच नव्हता.

दुपारी डबा उघडला
तर भाकरीला तेलाचा वास,
खायच्या नाही, बंदुकीच्या.