सोलोचं बटण

दुकानाचं शटर साडेदहाला ओढतो.
जिनिंगचा हंगाम संपलाय म्हणून बरं,
नाहीतर तिची घरघर
प्रत्येक ट्रॅकच्या तळाशी गाळासारखी बसते.

वरची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या,
माईक सलाइनच्या स्टँडला बांधलेला,
कूलर बंद. सेलूचा मे महिना
हेडफोनच्या गादीत घाम होऊन साचतो.

गाणं एकच, चार ट्रॅक, सव्वाचार मिनिटं.
चौघं एकदम कधी जमलोच नाही.
पेटी माझी, सगळ्यांच्या आधी, माघात भरलेली.
मग वालूरहून कालिंदीबाई, शाळा सुटल्यावर.
धुराजी पाथरीचा, बासरी मेथीच्या जुडीशेजारी पिशवीत.
शेवटी इलियासची ढोलकी.
ज्यानं त्यानं कानात माझी पेटी ऐकली
आणि तिच्यावर आपापलं ठेवून गेला.
यंत्राची टकटक कुणालाच नको होती.
बाई म्हणाल्या, ती ऐकली की पाढे म्हणावेसे वाटतात.

आता दुरुस्ती.
बाईंचा 'सांजवेळ' शेवटच्या कडव्यात फाटला.
पहिल्या कडव्यातला उचलून आणला,
पट्टीतून एकच गोळी कापून देतो तसा,
शेजारच्या गोळीला हवा लागू न देता.
शिवण कळू नये म्हणून दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवली.
शेजारच्या कुकरची शिट्टी नेमकी समेवर,
ती खरवडता खरवडता रात्रीचे दोन.
धुराजीचा निषाद केसभर उतरलेला, वर ओढला.
बाईंचा एक श्वास पुसला,
तर त्या भिंतीसारख्या गायला लागल्या.
श्वास परत ठेवला.

राहिली ढोलकी.
पडद्यावर उभ्या रेघा असतात, मात्रेमात्रेला एक.
तिसऱ्या कडव्यापासून इलियासची प्रत्येक थाप
रेघेच्या मागं. एकदा मागं पडली ती मागंच.
दुकानातूनच फोन लावला, जरा बोललोच:
'लय कुठं गेलती रे तुझी? जेवून आलतास का लई?'
तो हसला. 'देखो भाई. मशीन तुमच्याकडं हाय.'

त्याची थाप रेघेवर आणली.
तर बाई मागं वाटायला लागल्या. त्यांना सरकवलं.
मग बासरी.
तीन रात्री मी माणसं पुढं ढकलायलो
आणि गाणं काही केल्या उभं राहीना,
एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखं.

चौथ्या रात्री, दुसरं काही सुचेना म्हणून,
माझ्याच ट्रॅकवरचं सोलोचं बटण दाबलं.
बाकी सगळे गप्प. पेटी एकटी.
तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
भात्यातली हवा संपली होती,
मी ती भरेस्तोवर थांबलो होतो.
पाव मात्रा. फार तर पाव.
आणि तिथून पुढं सगळं गाणं पाव मात्रा उशिरा,
माझं, मग त्यांचं.
बाई थांबल्या होत्या. धुराजी थांबला होता.
वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कानांनी,
कुणी कुणाला न विचारता.

मागं. मागं. मागं.
बोट दुखेस्तोवर तेच बटण,
एकेकाला त्याच्या जागी आणून सोडलं.
पेटी दुरुस्त करता येते.
पण मग ते तिघं कुणासाठी थांबलेत?

सकाळी इलियास काउंटरवर.
मी सांगायच्या आतच म्हणाला,
'मेरेकू मालूम था. तुमची पेटी रुकी, तो मैं रुका.'
मग फोनवर बोलला का नाहीस?
'गिऱ्हाईक होते ना तुमच्या दुकानात. आवाज येत होता.'

मग खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली,
अम्मीची बीपीची गोळी, चार द्या.
कात्री हातात घेतली होती मी.
खाली ठेवली,
आणि पट्टी तशीच, अख्खी, पुढं सरकवली.