पाचवीची रेघ

तहसीन मॅडम मोजायच्या तेव्हा
सातानंतर आठच यायचे.
घरी मीच मोजते,
सातावरून थेट दहा.

सेलूहून परभणी, आठवड्यातून दोनदा.
शेकाचं यंत्र, दोरी, भिंतीवरचं चाक
आणि त्यांचा अंगठा, नेमका दुखऱ्या जागी.
"और थोडा, बाई. हाव. और थोडा."
अर्ध्या रजा संपल्या
तशी त्यांनीच कागदावर
काडीची माणसं काढून दिली.
म्हणाल्या, भिंत तुमच्या घरी पण आहे ना?

भिंत आहे.
तिच्यावर बोटं चालवायची, मुंगीसारखी, वर.
चौकटीशेजारी पेन्सिलीच्या रेघा आहेत,
सुलेखा वाढत होती तेव्हाच्या.
दिवाळीत माझी बोटं
तिच्या बालवाडीपाशीच थांबली,
कळ पार दातांत गेली.
संक्रांतीला तिसरी.
मग दीड महिना तिसरीतच नापास.
फोन केला. होतं असं, म्हणाल्या, सोडू नका.
फोनचे पैसे लावले नाहीत.

शाळेत अजून फळ्याचा खालचा अर्धाच वापरते.
मागच्या बाकावरचा इरफान उभा राहून लिहून घेतो,
बोलत नाही काही.
तारीख मात्र वर लिहायची असते,
ती मॉनिटर लिहितो, स्टुलावर चढून,
सालात चुकतो.

आज बोटं पाचवीच्या रेघेला टेकली.
सात.
घरात कोणी नव्हतं.
आठ, म्हटलं मोठ्यानं.
नऊ.
दहाव्याला खांद्यात कट्‌ असं वाजलं,
दुखलं नाही,
नुसतं वाजलं.
कागदावर शोधलं.
काडीच्या माणसांचे खांदे
वाजत नाहीत.

सहाची गाडी मिळेल अजून.