अक्षर नसलेली जागा

वसमतला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान, दहा बाय आठ.
वर पत्रा, खाली पायात येणाऱ्या वायरी,
काउंटरवर कुणाचं तरी कॉम्प्युटर
पोट उघडं टाकून पडलेलं.

संगम फोटोचे केरबा मुटकुळे आले
ते भांडायलाच.
"पाचशेची म्हणून मशीन दिलीस,
दाखवायलीय साडेचारशे.
बाकीची जागा कुठं गेली? तू खाल्लीस?"

मी म्हणालो, थोडी मापातली तूट आहे.
कंपनी हजारानं मोजते, मशीन एक हजार चोवीसनं.
रास तीच, मापारी दोन.
उरलेली जागा आहे तिथंच आहे,
फक्त तिला अक्षर दिलेलं नाही.

सीला अक्षर आहे, डीला आहे,
हाक मारली की ते ओ देतात.
हिला हाक मारायची सोयच नाही.
शंभर एमबीचा एक चिंचोळा तुकडा
सगळ्यांच्या आधी उठतो,
विंडोजला जागं करतो
आणि दिवसभर कुठंच दिसत नाही.
त्याला लागून सोळाचा, जवळजवळ रिकामा,
कशासाठी तरी राखून ठेवलेला.
कशासाठी, ते मलाही धड सांगता यायचं नाही.
आणि सगळ्यात शेवटी चौदा जीबी:
कारखान्यातून निघाली त्या दिवशीची मशीन,
घडी न मोडलेली.

"मग दाखवत कामून न्हाईत?"
"दाखवली असती, तर तुम्ही तिच्यात लग्नं भरली असती."

हसले. गेले.
पण पुतण्या, शिवदास, नांदेडला बीसीए करणारा,
त्यानं मोबाईलवर बघून चार ओळी टाइप केल्या
आणि ती जागा मोकळी केली.
हट्ट्याच्या एका लग्नाची हळद तिथं मावली,
वरात अर्धी.

अठरा दिवसांनी लाईट तीनदा गेली, तीनदा आली
आणि काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ उरली.
रिक्षात घालून मशीन माझ्याकडं.
मी एफ अकरा दाबलं.
पुन्हा दाबलं.
जिथून उत्तर यायचं
तिथं आता बँड वाजत होता.

कुरुंद्याला आमच्या आळीत एक पेव होतं.
तोंडावर फरशी, फरशीवर माती,
मातीवर आम्ही गोट्या खेळायचो.
बैलगाड्या वरून जायच्या.
लिंबाच्या बुंध्यापासून सात पावलं, मग उजवीकडं दोन,
एवढं फक्त बापाला ठाऊक.
उघडलं तरी लगेच उतरू द्यायचा नाही.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
नाही विझला, तरी थोडं थांबायचं.
खाली ज्वारी असायची,
कडेची काळवंडलेली,
मधली टाकली तशी.
पुढं लिंब तोडला, सिमेंटचा रस्ता झाला.
आता पावलं कुठून मोजायची
ते बापालाही सांगता येत नाही.

रात्रभर दुसऱ्या मशीनला जोडून
फोटो काढून घेतले एकेक.
बारशी, हळदी, एक दहावा,
कुठल्यातरी शाळेची सहावीची तुकडी, डोळे मिटलेली दोन पोरं.
पहाटे विंडोज नव्यानं बसवलं.
मग डिस्कच्या शेपटाला चौदा जीबी कापले,
त्यात आजची मशीन घडी करून ठेवली.
कारखान्याची नव्हे, माझ्या हातची घडी,
कोपरे तितके जुळत नाहीत.
आणि अक्षर काढून घेतलं.

केरबांनी चालू करून बघितली.
सगळे फोल्डर उघडले, सगळे मिटले.
"पहिल्यासारखंच दिसायलंय की सगळं.
मग चारशे कशाचे?"

मला दाखवण्यासारखं काही नव्हतं.
पन्नास कमी केले.