पिवळी माती खाली

मुहर्रेमकाकांनी शेत दिलं ते एका अटीवर:
बुजवताना पिवळी माती खाली, काळी वर,
होती तशीच.
एप्रिलात बीट लावायचंय.

गेरेदेच्या त्या थंडीत तीन मीटर खोल उतरलो.
करणीने भिंत तासली, खिळे ठोकले,
सुतळीच्या चौकटी आखल्या.
पेरीहान थर वाचत गेली बोटाने:
ओढ्याची वाळू, पुराचा गाळ,
मग कोळशाची एक रेघ,
कुणाच्या तरी चुलीची,
मध्येच तुटलेली
आणि वीतभर खाली पुन्हा सुरू झालेली,
जसं बोलता बोलता कुणी दचकावं
आणि उरलेलं हळू आवाजात सांगावं.

"चार वेळा," ती म्हणाली.
कोळशाचे कण चिमट्याने उचलून
चांदीच्या कागदात गुंडाळले.

काठावर काका चहा घेऊन उभे.
"पुढचा कधी?"
"येणार, एवढंच कळतं."
ते हसले. बांधाकडे हात केला:
"बापाने अक्रोड एका रेषेत लावले होते.
त्या पहाटेनंतर अर्धी रांग
शेजाऱ्याच्या शेतात.
भला माणूस. मरेपर्यंत
दर सप्टेंबरला पोतं आणून टाकायचा दारात."
पेरीहानने वहीत लिहिलं: अक्रोड. साडेतीन मीटर.
शेजाऱ्यासाठी रकाना नव्हता.

शेवटच्या दिवशी काकांनी तळाशी
या सालचं एक नाणं टाकलं,
पुढे कुणी खणलंच तर गोंधळ नको.
मग पिवळी खाली, काळी वर,
पायांनी दाबून दाबून.

तरी दोन पाट्या माती उरलीच.
त्या घेऊन आम्ही बांधावर उभे,
नेमकं कुणाच्या बाजूला टाकायची
ते ठरेना.