येतो म्हणून उभा

मे महिना, नंदनवन. सातच्या क्लासला लाईट गेली.
कूलर दोन गचके देऊन गप्प झाला,
खसच्या ताटीतून उरलंसुरलं पाणी टपकत राहिलं.
म्हटलं, उचला फळा, चला गच्चीवर.

बावीस पोरं, एक इमर्जन्सी दिवा,
फरशी अजून तव्यासारखी.
आज शिकवतो ते परीक्षेत येणार नाही, म्हटलं.
तिघं तेवढ्यावरच उठून गेली.

अप आणि डाऊन, हे दोघे क्वार्क घरचेच.
संत्र्याच्या सालीत तेच, सोलणाऱ्या नखात तेच,
झीरो माइलच्या खांबात आणि त्याच्या चार घोड्यांत तेच.
तिसरा आपल्यात राहत नाही.
त्याचं नाव स्ट्रेंज. विचित्र.

"काऊन जी सर? असं काय केलं त्यानं?"
चैताली पराते, वहीनं वारा घेत.

काही नाही केलं. वेळेवर गेला नाही, एवढंच.

आकाशातून कण येतात, हवेवर आदळतात.
काचेच्या पेटीतल्या धुक्यात त्यांच्या रेघा उमटतात.
एकदा कोऱ्या जागेतून एकदम दोन रेघा फुटल्या.
मी खडूनं काढला तो इंग्रजी व्ही,
त्याच्या टोकापर्यंत काहीच नाही.
कोणीतरी तिथवर न दिसता चालत आलं होतं
आणि तिथं मोडलं.

हिशेब सांगत होता,
ज्या जोरानं जन्मला त्याच जोरानं मोडायला हवा,
दशांश चिन्हापुढे बावीस शून्यं, मग एक, इतक्या सेकंदांत.
हा दहा लाख कोटी पट जगला.
आपल्या घड्याळात तेही काहीच नाही,
सेकंदाच्या अब्जाव्या तुकड्याचा पाव हिस्सा.
त्याच्या गावात मात्र ते म्हातारपण.

"म्हणजे आमच्या सुदाममामासारखं," चैताली म्हणाली.
"गोळीबार चौकातून येते धडाक्यात.
जाताना येतो येतो म्हणते, चप्पल घालते,
अन् फाटकाशी अर्धा तास उभा रायते."

पोरं हसली. मी फळ्यावर लिहिलं: येतो.
तीस वर्षांत याहून चांगली व्याख्या मला सुचली नव्हती.

ज्या जोरदार बळानं त्याला घडवलं
त्याला त्याचं रूप बदलता येत नाही.
ते काम दुसऱ्याच बळाकडे, दुबळ्या,
तहसीलच्या कारकुनासारख्या सावकाश बळाकडे.
फाईल हलेपर्यंत हा उभा.

आणि त्या धडकेत तो कधी एकटा जन्मत नाही.
सोबत त्याचा उलटा जोडीदार.
याचा अंक वजा एक, त्याचा अधिक एक,
बेरीज शून्य. तिथून मैल मोजत
दोघे दोन दिशांना.

इथं माझा खडू मोडला.

डागा हॉस्पिटल, एकाहत्तर साल.
आधी मी, अकरा मिनिटांनी हेमराज.
नर्स आईला म्हणाली होती,
धाकट्यात जीव नाही बाई, सकाळ पाहायचा नाही.
हेमराज बेचाळीस वर्षं राहिला.
भिलाईत, भट्टीवर.
दिवाळीला यायचा, आणि परत जाताना
डब्याच्या दारात उभा राहून
गाडी हलली तरी बोलत असायचा,
कशाबद्दल, ते मला एकदाही नीट ऐकू आलं नाही.

हे पोरांना सांगितलं नाही.
दुसरा खडू घेतला.

साडेआठला लाईट आली. सगळं नंदनवन ओरडलं.
खाली कूलर घरघरला, पोरं जिना उतरून पळाली,
फळा वरच राहिला.
चैताली फाटकाशी, सायकलच्या ब्रेकवर बोट.

"सर, मंग शेवटी काय होते त्याचं?"
बहुतेकदा अप होतो. घरचाच होऊन जातो.
"अन् त्याच्या जोडीदाराचं?"
त्याचंही तसंच काही. पण दुसरीकडे. दुसऱ्या वेळी.
"एकमेकाले माहीत असते का जी?"

समोरच्या घरात कोणी टीव्ही मोठा केला.
मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

"येते सर," ती म्हणाली.
पाय पेडलवर ठेवला,
आणि मग चेन पाहत बसली.
चेन ठीकच होती.