शेवटची पावती

आमोण्याच्या धक्क्यावर, काट्याच्या खोलीत
मी फाडलेली शेवटची पावती :
दहा लाख बावीस हजार एकशे सतरा.
ट्रक भिवा परवारचा. माल तांबडा.
मग खाण बंद.
काट्यावर ताडपत्री पडली,
कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा मी घरी आणला.
कुणी मागितला नाही.

दसऱ्यापासून रोज
पोदेराचा भोंपू वळणापार गेला की
एक कोरी पावती उलटी करायची
आणि पाठीवर त्या आकड्याला
एका मूळ संख्येनं भागायचं.
दोन. तीन. पाच. सात.
घाई कसली?
सातानं पाच उरले, तेरानंही पाचच.
अकरानं आठ.
बँकेचा माणूस आला त्या सकाळी
पाळी एकशे एकची होती,
बाकी अठ्ठ्याण्णव. तिनानं हुकलं.
तो ट्रकच्या हप्त्यांचं बोलत होता, माझा ट्रक नव्हताच,
मी भावाला जामीन होतो.

शिगम्याचे ढोल सुरू झाले तेव्हा
नऊशे सत्त्याण्णववर पोचलो.
उरले एकशे ब्याण्णव.
एकशे अडुसष्ट पावत्या, एकशे अडुसष्ट बाक्या.
पुढं हजाराची वेस.
पेन्सिल ठेवली.
तिठ्यावर सांगून टाकलं, मूळ आहे ती,
कुणाच्या पाढ्यात येत नाही,
तिला एकाशिवाय कुणी नाही.
लोक हो म्हणाले. लोकांना काय.

मिंगेल तांडेलाची अल्झिरा
सुकी सुंगटं द्यायला आली, बारावीला आहे,
पावतीकडं बघत उभीच राहिली.
‘अंकल, ह्यात चार मिळवून बघितलेत?’
मिळवू कशाला, बाय? मी भागतोय.
तिनं सुंगटांच्या कागदावरच लिहिलं :
चार मिळवले की एक हजार अकराचा वर्ग.
चार म्हणजे दोनाचा वर्ग.
वर्गातून वर्ग गेला,
तर दोन अलीकडं, दोन पलीकडं :
एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा.

दोन्ही मूळ. दोघींच्या मध्ये तिसरी नाही.
बांधून ठेवलेल्या बार्जी असतात तशा,
मध्ये हातभर पाणी.

एक हजार नऊ.
हजाराच्या वेशीबाहेरची पहिलीच.
पेन्सिल ठेवली नसती
तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आली असती.

अल्झिरा गेल्यावर गठ्ठा सोडला.
वरून चौथी पावती काढली.
पाठीवर माझं अक्षर : सात, बाकी पाच.
उलटली.
पुढं लाल शाईत छापलेलं
१०२२१२१.
ट्रक नंबर कोरा, वजन कोरं.

भिवाच्या मागं त्या दिवशी
गेटवर किती ट्रक उभे होते
ते काही केल्या आठवत नाही.